पट्ट्यातली किल्ली

सोमवार, ता. ४

कसं लिहू! आज थोरला आला. पुलापलीकडे खोली घेतल्यापासून आठवड्याने येतो, तसाच आला वाटलं. दारातच उभा राहून म्हणाला, "आई, मी मुसलमान झालो. महिना झाला."

मी डाळ निवडत होते. निवडतच राहिले. नंतर बघते तर खडे डाळीत आणि डाळ बाहेर!

"कुणी मुलगी आहे का रे?"

"नाही गं. मला तिथे शांत वाटतं."

मग इथे काय आम्ही भांडी आपटत होतो?

ह्यांना अजून माहीत नाही.

मंगळवार, ता. ५

ह्यांना कळलं — आमच्यातल्याच घड्याळवाल्यांकडून. ताट बाजूला सारलं. 

आम्हा यहुद्यांची इथे इनमीन घरं. सगळ्यांनी मिळून प्रार्थना करायची तर दहा पुरुष लागतात. थोरल्याला धरून बरोबर दहा भरायचे. आता नऊ. माणसं मोजायची नाहीत, म्हणून हे "एक नाही, दोन नाही" असं म्हणत मोजतात. "दहा नाही" म्हणताना ह्यांचा हात थोरल्याच्या खांद्यावर असायचा.

बुधवार, ता. ६

लोक येऊन जाताहेत, मयताला यावेत तसे. घड्याळवालीण म्हणाली, "तुमच्या धाकटीला आता कोण करून घेणार हो?" धाकटी आतच होती!

आमचे खाटीक म्हणाले, "वहिनी, जिवाला लावून घेऊ नका. डुक्कर तर तिकडेही चालत नाही!" हसू आलं. मग न्हाणीघरात जाऊन रडले.

म्हातारे मास्तर म्हणाले, "आपल्यात जन्मला तो आपलाच. शास्त्राने सुटत नाही." लगेच घड्याळवाले — "मग दहात धरणार का त्याला?"

मास्तर चपला शोधायला लागले.

गुरुवार, ता. ७

सगळ्यांनी मिळून ठरवलं. शनिवार मावळेपर्यंत परतला नाही तर रविवारी त्याला मेला समजायचं. अंगावरचा शर्ट फाडायचा, सात दिवस जमिनीवर बसायचं. जिवंत पोरासाठी!

हे म्हणाले, "बरं." एवढंच.

फाडायला शर्ट शोधत होते. कॉलर विरलेला काढला — चांगला कशाला वाया घालवायचा? मग एकदम कळलं मी काय करतेय. कापड वाचवायला निघाले, आणि पोर...

मुलासाठी फाडलेला शर्ट महिन्याने शिवता येतो. आईबापासाठी फाडलेला कधीच नीट शिवत नाहीत. आमच्यासाठी कोण फाडणार?

देवा, तू तरी आमच्यासारखा वागू नकोस.

शुक्रवार, ता. ८

दुपारी थोरल्याला फोन केला. "ये रे एकदा."

"येतो की! फक्त 'परत ये' म्हणू नका."

मी फोन ठेवला. तो आला नाही.

दिवे लावायची वेळ झाली, भरभर लिहिते. उद्या आमचा विसाव्याचा शनिवार: लिहायचं नाही, फोनला हात लावायचा नाही, खिशात काही न्यायचं नाही. म्हणून प्रार्थनालयाची किल्ली हे कमरेच्या पट्ट्यात ओवून घेतात. अंगावर घातलेली वस्तू ओझं धरत नाहीत. आज दोनदा ओवली, दोनदा काढली. शेवटी ओवलीच. शर्ट खुंटीवर आहे. त्याच्याकडे ना हे बघतात, ना मी.

शनिवार, ता. ९

आज लिहिते आहे. क्षमा कर.

हे सकाळी निघून गेले आणि थोड्या वेळाने फोन वाजायला लागला. थांबेचना. आज आम्ही उचलत नाही हे थोरल्याला पक्कं माहीत — म्हणजे काहीतरी झालंय! उचलला.

"आई, बाबा आलेत. पूल ओलांडून, चालत. पाय सुजलेत.  नुसते माझ्या खांद्यावर हात ठेवून बसलेत."

तेवढ्यात दारावर थापा. घड्याळवाले.

"अहो वहिनी, आठजण उन्हात उभे आहोत! प्रार्थनालयाला कुलूप! किल्ली कुठाय?"

"ह्यांच्या पट्ट्यात," मी म्हटलं. "हे आमच्या मुलाकडे गेलेत."