भिंतीवरची गेरूची रेघ

॥ श्री वीतरागाय नमः ॥

निंबझरी, ता. मंगरूळपीर
दि. २४ मार्च १९७३

ती. कैलासदादांस,
राजमतीचा कृ. शि. सा. न. वि. वि.

आपलं खुशालीचं पत्र पावलं. इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची रीत आहे, पण तसं नाही, आणि पहिल्याच ओळीत खोटं लिहिलं तर पुढचं खरं लिहायला माझा हात चालणार नाही.

होळीनंतर भर दुपारी गावाच्या कडेला कडब्याची गंजी पेटली. वारा गावाकडे वाहणारा. यंदा विहिरींचा तळ दिसतो आहे, हे तुम्हाला सांगायला नको. आपला जिनदासभाऊ, तांड्यावरचा धनसिंग आणि त्यांचे सोबती संध्याकाळी देवळामागे बांबूच्या आकड्या घेऊन आग विझवायचा सराव करतात. बाबा त्यांना हसत. म्हणत, पाणी नाही, मग हे काय आगीला गुदगुल्या करणार? त्या दुपारी बाबांना उत्तर मिळालं. आग आणि धनीबाईचं घर यांच्या मधोमध सरपंच रामधनजींचा गोठा होता. भाऊनं बैल सोडवले, आणि सगळ्यांनी आकड्या अडकवून गोठ्याचं छप्परच खाली ओढलं, गवत दूर नेलं. आगीला पुढं पाय ठेवायला जागा उरली नाही. ती तिथंच बसली.

धनीबाईनं भाऊची दृष्ट काढत कडाकडा बोटं मोडली. पण रामधनजी तालुक्याहून परतले, त्यांनी उघडा गोठा पाहिला आणि तसेच ठाण्यात गेले. जमादार आले. त्यांनी भाऊला विचारलं, की दुसऱ्याचं छप्पर पाडायचा हक्क तुला दिला कोणी? भाऊ म्हणाला, आगीनं. जमादारांनी ते लिहून घेतलं नाही. आता भाऊला पुन्हा बोलावलं आहे.

दादा, मला झोप नाही. बाबांनी लहानपणी आपल्याला शिकवलं, की दिल्यावाचून घेऊ नये. भाऊनं रामधनजींचं छप्पर त्यांनी दिल्यावाचून घेतलंच ना? मग ते पाप की पुण्य? आणि सरकारात त्याला काय म्हणतात? तुम्ही जिल्हा परिषदेत बसता. काय केलं म्हणजे भाऊ सुटेल ते कळवा. आई नुसती माळ ओढते आहे.

लहान बहिणीवर राग न धरता लौकर लिहावं.
आपली,
राजमती


अकोला
दि. ३१ मार्च १९७३

चि. राजमतीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी हसलो, मग बसलो. पाप-पुण्याचा निवाडा आमच्या खात्याकडे अजून आलेला नाही. तो बाबांकडेच राहू दे. छपराचं तेवढं सांगतो.

चांगलं काम केलं म्हणून अधिकार मिळत नाही. अधिकार आधी घ्यावा लागतो. ग्रामसभा बोलवावी. आग विझवण्यासाठी स्वयंसेवक दल नेमल्याचा ठराव ग्रामपंचायतीनं करावा. दलाचा प्रमुख कोण, उपप्रमुख कोण, हे त्यात नावानं असावं. ठराव पंचायत समितीकडे गेला, की विस्तार अधिकारी येऊन गाव पाहतील, सराव पाहतील, आणि कुठली छपरं पाडायची तेही ठरवून देतील. पाडलेल्याची भरपाई पंचायतीनं द्यायची. असं झालं, की जिनदासनं ओढलेलं छप्पर हे जिनदासनं ओढलेलं राहत नाही, ते गावानं ओढलेलं ठरतं. आणि दल चुकलं, तर पंचायत त्याला जाब विचारू शकते. हे दुसरं जिनदासला मुद्दाम वाचून दाखव. त्याला पहिलं तेवढंच ऐकू येईल.

तोवर त्यानं कुणाच्या गवताच्या काडीलाही हात लावू नये. गोठ्याच्या भरपाईचं बाबांनी स्वतः रामधनजींशी बोलावं. सरपंच माणूस वाईट नाही, त्याला न विचारता झालं याचा राग आहे. तो राग ग्रामसभेत विचारून उतरवा.

तू रात्री झोपत जा. तू जागी राहून गावातली एकही काडी ओली होत नाही.

आईबाबांना दंडवत. तुझ्या भित्रेपणावरही माया करणारा,
कैलास


निंबझरी
दि. २० एप्रिल १९७३

ती. कैलासदादांस,
राजमतीचा कृ. शि. सा. न. वि. वि.

तुमच्या सांगण्यानं झालं खरं. पण माझ्या मनातली भीती कमी व्हायची ती जागा बदलून बसली आहे.

ग्रामसभा मारुतीच्या पारावर भरली. आम्ही बायका कडेला. रामधनजी म्हणाले, की दल नेमायला त्यांची ना नाही, पण उद्या कुणीही उठेल आणि आग लागली म्हणून शेजाऱ्याचं घर मोडेल. त्यावर धनीबाई पदर सावरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, की छप्पर पाडाले कागद लागते, तं आगीले कोन्या सायबाची सही लागते बापा? सगळा पार हसला. रामधनजीसुद्धा मिशीत हसले. मग उपप्रमुख म्हणून धनसिंगचं नाव निघालं, तेव्हा हसू थांबलं. मागून कुणीतरी बोललं, की आता तांड्याचे लोक आमची घरं पाडून राह्यले का? धनसिंग खाली मान घालून बसला होता. बाबा उठले. ते सभेत कधी बोलत नाहीत. म्हणाले, की तसं असेल तर पाडायच्या घरांत पहिलं घर माझं, या दुलीचंदचं धरा. ठराव झाला.

विस्तार अधिकारी आले. मंजुरी या उन्हाळ्यापुरतीच दिली. अट अशी, की अधिकाऱ्यांनी खूण केलेलंच छप्पर दलानं पाडायचं. खूण नसलेल्या छपराला हात लागला, तर दल रद्द, आणि भाऊवरचं गोठ्याचं प्रकरण पुन्हा उघडणार. मग त्यांनी गल्लीगल्लीतून फिरून भिंतींवर गेरूनं आडवी रेघ ओढली. आपल्या आळीत रेघ आली ती दुकानामागच्या कोठीवर. आग पश्चिमेकडून आली तर गवताचं सलग छप्पर तिथं तोडायचं. दादा, त्याच छपराखाली आपल्या भगवानांचं चैत्यालय आहे. ती लाल रेघ तिथं नको असं मला वाटलं. पण बाबांनी शब्द दिला होता.

आता खरं लिहिते. महावीर जयंतीच्या आधी आईनं दरवर्षीसारखी कोठी चुन्यानं पोतारली. मी दुकानात होते. मागे जाऊन पाहते तो भिंत पांढरी शुभ्र, रेघ कुठंच नाही. आईला म्हटलं, तर ती म्हणाली, की देवाच्या जन्माला भिंतीवर तो लाल ओरखडा कसा ठेवायचा? तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण तिनं दोन हात जास्तच दिले आहेत, हेही मला दिसतं.

मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर गाव म्हणेल, दुलीचंदनं पारावर शब्द दिला आणि घरी जाऊन बायकोकडून पुसून घेतला. बाबांना ते सोसणार नाही. न सांगावं, तर आग आल्यावर धनसिंग कुठली खूण पाहील? भाऊला सांगितलं तर तो आईला बोलेल. मी रोज त्या भिंतीसमोर उभी राहते आणि परत येते. काय करू?

उत्तराची वाट पाहणारी,
राजमती


अकोला
दि. २६ एप्रिल १९७३

चि. राजमतीस आशीर्वाद.

कार्डच लिहितो, लौकर पोचेल. आजच्या आज बाबांना सांग आणि बाबांनी रामधनजींना सांगावं. लाज एका दिवसाची असते. अधिकाऱ्यांना बोलावून रेघ पुन्हा ओढून घ्या. तू स्वतःच्या हातानं मात्र ओढू नकोस, ती खोटी ठरेल आणि सगळं दल त्यात जाईल. आईला बोलू नका.

कैलास


निंबझरी
दि. ३ मे १९७३

ती. कैलासदादांस,
राजमतीचा कृ. शि. सा. न. वि. वि.

तुमचं कार्ड आगीनंतर दुसऱ्या दिवशी आलं. आधी लिहिते, की आपल्या घरची सगळी माणसं धड आहेत. आता सावकाश वाचा.

त्या दिवशी भाऊ आणि बाबा शेलूबाजारला गेले होते. दुपारी पश्चिमेच्या टोकाला कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीचा ढीग पेटला. ज्या वाऱ्याला मी महिनाभर भीत होते, तोच वारा. धनसिंगची शिटी ऐकू आली, आणि तो, तांड्यावरचे भाऊसिंग, हेमला असे सगळे आकड्या घेऊन आपल्या कोठीपाशी आले. धनसिंगनं भिंत पाहिली. मग डावीकडे पाहिली, उजवीकडे पाहिली. मला म्हणाला, की बाई, रेघ इथंच होती ना? कुठं गेली?

मी म्हटलं, इथंच होती, तुम्ही ओढा छप्पर. तो हलला नाही. म्हणाला, की तुमचा शबूद मले कबूल हाय, पन ठान्यात तुमचा शबूद चालनार नाही. बिनखुनेचं छप्पर तांड्याच्या मान्सानं पाडलं, तं जिनदासभाऊबी अंदर आन् मीबी अंदर. हेमला ओरडला, की कायले बोलत बसला, आग आली! धनसिंगनं आकडीवरचा हात काढला नाही, पण ती उचललीही नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही उचलली नसती. तोवर रामधनजी आले आणि त्यांनीही कोरी भिंत पाहिली. आपल्या गोठ्यावरून ठाण्यात गेलेला माणूस बिनखुणेचं छप्पर पाडा असं कुठल्या तोंडानं म्हणणार?

गेरूचं मडकं ओसरीत होतं. माझी नजर तिकडे गेली, हे मी कबूल करते. एक रेघ ओढायला किती वेळ लागतो? पण ती माझी रेघ झाली असती, सरकारची नव्हे. मी चुलीपाशी धावले, उलथणं आणलं आणि भिंत खरवडायला लागले. चुन्याचे पापुद्रे पडत होते आणि खाली पुन्हा पांढरंच. गेल्या वर्षीचं पांढरं, त्याच्या आधीचं पांढरं. रेघ नेमकी किती उंचीवर होती हेच मला आठवेना. रोज पाहिलेली भिंत, आणि आठवेना! धूर आळीत शिरला. डोळ्यांतून पाणी, हाताची सालं निघालेली, आणि मनात एकच, की मी चुकीच्या जागी खरवडते आहे.

मग कुणीतरी माझ्या खांद्याला धरून बाजूला केलं. आई होती. तिनं उलथणं घेतलं, माझ्या जागेच्या हातभर खाली लावलं आणि दोन फटक्यांत लाल दिसलं. तिला जागा बरोबर ठाऊक होती, दादा. रेघेच्या जागेकडे न बघता ती एक दिवसही त्या भिंतीसमोरून गेलेली नव्हती.

रामधनजी मोठ्यानं ओरडले, की खूण हाय, मी पाह्यली, पाडा! धनसिंगनं शिटी मारली. आई आत गेली. अंघोळ नाही, सोवळं नाही, स्वयंपाकाच्याच लुगड्यात तिनं भगवानांची मूर्ती पदरात घेतली आणि बाहेर आली, तोच पहिली आकडी छपराला लागली. आपलं छप्पर पडताना मी पाहिलं नाही. आईनं पाहिलं.

आग आपल्या कोठीपाशी थांबली. पण आपलं छप्पर लौकर उतरलं असतं, तर दल पुढं जाऊन पश्चिमेचं आणखी एक घर वाचवू शकलं असतं. मी खरवडत होते तेवढ्या वेळात आग ते खाऊन गेली. ते धनीबाईचं. जे भाऊनं होळीला वाचवलं, तेच. धनीबाई आणि त्यांची शेळी सुखरूप आहेत. बाकी राख.

चौकशीला विस्तार अधिकारी आले. आईनंच पुढं होऊन सांगितलं, की पोतारलं ते मी, मुलीला माहीत होतं आणि नवऱ्याला नव्हतं. अधिकाऱ्यांनी भिंत बोटानं तपासली. मग त्यांनी धनसिंगला विचारलं, की खूण दिसेपर्यंत तू थांबलास? तो हो म्हणाला आणि रडायला लागला. दलाची मंजुरी राहिली. रामधनजींनी गोठ्याची तक्रार मागे घेतो म्हणून त्यांच्यासमोरच सांगितलं.

मला कुणीही बोललं नाही. तेच सोसत नाही.

तुम्ही तरी बोलावं, ही विनंती.
राजमती


निंबझरी
दि. १८ ऑक्टोबर १९७३

ती. कैलासदादांस,
राजमतीचा कृ. शि. सा. न. वि. वि.

तुम्ही मागच्या पत्रात मला बोललात, चांगलं दोन पानं बोललात. ते पत्र मी जपून ठेवलं आहे. त्यानंतर झोप लागायला लागली.

धनीबाईचं घर पंचायतीच्या आणि बाबांच्या मदतीनं उभं राहिलं. तोवर त्या आपल्याच ओसरीवर होत्या. आईच्या शिस्तीत राहणं सोपं नाही, हे तुम्ही जाणता. सूर्य बुडायच्या आत जेवण, कांदा नाही, पाणी गाळून. धनीबाई आईला रोज म्हणायच्या, की गुलाबबाई, आगीतून वाचली मी, पन तुमच्या बिनकांद्याच्या भाजीनं मरतो आता. आणि आई हसायची. उन्हाळ्यानंतर आई पहिल्यांदा हसली ती धनीबाईच्या या बोलण्यावरच. जाताना धनीबाई मला म्हणाल्या, की पोरी, तू खरडत होती तवा मी तुले लय शिव्या देल्या, आता वापस घेतो. मी म्हटलं, निम्म्याच घ्या.

पंचायतीनं दलाला पुढच्या वर्षाचीही मंजुरी मागितली आहे. ठरावात एक कलम वाढलं, की खुणा दर महिन्याला तपासाव्यात, आणि त्या कामाला दलात माझं नाव घालावं. बाबा म्हणाले, गावात सगळ्यात भित्रं कोण हे पंचांनी बरोबर ओळखलं. मी गल्लीगल्लीतून फिरते. प्रत्येक रेघ बोटानं चाचपून पाहते आणि तिची उंची वहीत टिपते. भीती जाईल असं वाटत नाही.

दिवाळीची पोतारणी काल झाली. कोठीवर आता गवताऐवजी मातीचे कवेलू आहेत, तरी ओळीत दोन्हीकडे गवतच आहे म्हणून अधिकाऱ्यांनी रेघ तिथंच ठेवली. आई चुन्याचा कुंचा घेऊन भिंतीपाशी आली तेव्हा मी दारात उभी होते. तिनं मला पाहिलं. रेघेच्या वरचं पांढरं केलं, खालचं पांढरं केलं. मग कुंचा ठेवला, बोट ओलं केलं आणि रेघेवर उडालेला चुन्याचा एक थेंब पुसून काढला.

छपरासकट आणि छपराविना, आहे तशीच माया राहू द्यावी.
आपली,
राजमती