गंगीच्या रक्ताचा अहवाल

तीर्थरूप आईस, जव्हारहून तुझ्या संस्कृत मास्तर लेकाचा साष्टांग नमस्कार.

मी ठणठणीत आहे. आमच्या आश्रमशाळेत भाकऱ्या भाजणाऱ्या गंगीचं रक्त शहरातल्या संशोधकांनी तिच्या गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात नेलं होतं. रक्तातल्या दाहाच्या खुणांवरून बाळ अवेळी येण्याचा धोका आधीच कळतो म्हणे.

अहवाल काल आला: "दाह जास्त, धोका संभवतो." बाळ पंधरा दिवसांपूर्वीच आलंय, दीड किलोचं! असले त्रिकालज्ञ भूतकाळ अचूक सांगतात. लघवीला जळजळ होते असं गंगी तेव्हाच म्हणाली होती. पण विद्वानांच्या फॉर्मात त्याला रकाना नव्हता.

"मास्तर, ह्यो कागद पोरीला वाचून दावू काय?" गंगीने विचारलं.

पोर उबेसाठी तिच्या छातीशी बांधलेली असते. आज थोडं दूध ओढलं. तुझे गुडघे कसे आहेत? पोरीला गुंडाळायला तुझं जुनं, मऊ पातळ पाठव. उद्याच पाठव.

तुझा मुकुंद