परावर्तनाआधीचा हार

२ नोव्हेंबर २०१७, डोणगाव.
माणिकराव सरांना भेटलो. मुख्याध्यापक असून नीट ऐकून घेतले. कापसाची वेचणी लागली की नववीची निम्मी मुले वावरात असतात, शाळेत नाही. माझी योजना: धडा मोबाईलवर द्यायचा, मुलांनी शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसून पाहायचा. सरांची अट: महिनाअखेर ते स्वतः प्रश्न विचारणार. उत्तरे आली तर जानेवारीपासून कॉम्प्युटर रूम माझ्याकडे, मानधनावर. माझे बारावीचे इंग्रजी राहिले आहे हा विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही.
निश्चय: पाठ 'प्रकाशाचे परावर्तन'. व्हिडिओ पाच मिनिटांचा. शुद्धलेखनाची एकही चूक नको.

५ नोव्हेंबर
पाच मिनिटे कमी पडतील. कोणताही कार्यक्रम एकदम सुरू होत नसतो. आधी दीपप्रज्वलन, परिचय, सत्कार, मग विषय. उद्घाटक सरपंच गुलाबराव. मेहकरहून जरीचा हार आणला. फुलांचा सुकतो.
बाबा दारात येऊन म्हणाले, "बीटी असून बोंडात गुलाबी अळी निघून राह्यली. चांगलं आहे तेवढं तरी वेचू. चाल." मी सांगितले, नोकरीचे काम आहे, या महिन्यात जमणार नाही. बाबा हाराकडे पाहत राहिले.

९ नोव्हेंबर
पहिला भाग टाकला. सत्कार उत्तम. आरसा हातात घेतला आणि बॅटरी संपली. प्रतिसाद प्रचंड.
कृषी केंद्रवाले रहेमतुल्ला चाचा मात्र नाराज. म्हणाले, "बियाणं माह्या दुकानातून नेता, अन् हार गुलाबरावले?" पुढच्या भागात घेऊ म्हणालो. समाजाचा सहभाग आवश्यकच असतो.

१५ नोव्हेंबर
दुसरा भाग. चाचांचा सत्कार केला. माजी सरपंच उकंडरावांना वाईट वाटू नये म्हणून त्यांचाही. दोघांची मनोगते. 'आपाती कोन' हा शब्द उच्चारला आणि मोबाईलची मेमरी भरली. तरी पाहणारे तिप्पट. नववीत एवढी मुलेच नाहीत. दहावीचीही पाहत असावीत.
धाकटी मंजुश्री नववीतच आहे. विचारते, "दादा, शिकवणं कव्हा चालू होते?" तिला प्रस्तावनेचे महत्त्व कळत नाही. माझ्याऐवजी ती वेचायला जाते, शाळा बुडते, बोंडांच्या टोकांनी बोटे फाटली आहेत. लक्ष लागणार कसे?

२२ नोव्हेंबर
तिसरा भाग. चौघांचे सत्कार, शेवटी आभार. परावर्तन राहिले. मात्र आभारात आरशाचा उल्लेख केला आहे.
बाबा म्हणाले, "पऱ्हाटीत वेचाले फारसं काई राह्यलं नाही. तुह्या नोकरीचं पक्कं आहे ना बे?" पक्कं म्हणालो. तेव्हापासून छाती धडधडते. आनंदाने असावे.

३० नोव्हेंबर, दुपारी
आज वेचणीवरची मुलेही बोलावली होती. सर वर्गात आले. व्हिडिओ कोणी कोणी पाहिले? सगळे हात वर. मी सरांकडे पाहिले. मग सरांनी विचारले, आपाती कोन म्हणजे काय?
सगळे हात खाली.
"मंग पाह्यलं काय तुम्ही?" सर म्हणाले. बिलाल उठला. "माह्या आज्याचा सत्कार, सर." शाहीनने सगळ्या पाहुण्यांची नावे सांगितली, हुद्द्यांसह, क्रमाने. मागून आवाज आला, "हार एकच व्हता, सर. याच्या गळ्यातला काढून त्याले घातला." वर्ग हसला. मंजुश्री हसली नाही. ती स्वतःची बोटे पाहत होती.
मुलांची स्मरणशक्ती चांगली झाली आहे, ही जमेची बाजू. सरांनी ऑफिसात बोलावले आहे.

३० नोव्हेंबर, संध्याकाळी
कॉम्प्युटर रूम मिळणार नाही. सर म्हणाले, शिकवणे तुझे काम नाही, पण कार्यक्रम छान करतोस. गॅदरिंगचे सूत्रसंचालन माझ्याकडे. मानधन नाही, सत्कार करतील. हार घरूनच आणायचा आहे.
घरी सांगितले. आईने भाकरी वाढली. बाबा एवढेच म्हणाले, "सकाळी लवकर ऊठ."

१ डिसेंबर
वेचायला मी. मंजुश्री शाळेत. निघताना दप्तर अडकवून उभी राहिली. म्हणाली, "दादा, आता तरी सांग, आपाती कोन म्हंजे काय?"
मी घसा साफ केला. "सर्वप्रथम," म्हणालो.
पुढचे आठवेना.