दुसऱ्या तारेची गाठ

आप्पा, आज तुमची गिटार मांडीवर घेतली आणि दुसरी तार ओढली. ओढली म्हटलेलं तुम्हाला आवडणार नाही, ठाऊक आहे मला. "तारले वढू नको रे भो, तिले ये म्हन," असं तुम्ही म्हणायचात, मी मान डोलवायचो आणि पुन्हा ओढायचोच. आता टोकणारं घरात कुणी नाही. बायकोला जाऊन तीन वर्षं झाली, मुलगी सुरतेला सासरी, आणि सिल्वासातल्या या दोन खोल्यांत मी आणि ही हवाईयन गिटार एवढेच उरलो आहोत. तुम्हाला जाऊन तर तीस वर्षं होत आली. इतक्या उशिरा पत्र लिहायला बसणं हा वेडेपणाच आहे. पण एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहून गेली आहे, आणि ती दुसऱ्या कुणाला सांगून काही उपयोग नाही.

नंदुरबारकडून मी इथे आलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो. सुताच्या कंपनीत लागलो, तुम्ही तिथे बारा वर्षांचे जुने जॉबर, आमच्या खात्याचे मुकादम. मशीनचा आवाज असा की शेजारच्या माणसाशी हातवारे करून बोलायचं. तुम्ही मला आधी धागा शिकवलात. चालता धागा बोटाच्या पाठीवर घ्यायचा आणि ताण किती आहे ते बोटाला विचारायचं, डोळ्यांना नाही. तुटलेला धागा जोडायची बारीक गाठही तुमचीच. ती मला पंधरा दिवसांत जमली, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर म्हणालात, "ह्या पोऱ्यानी गाठ मशीनले बी समजत नही." घर सोडल्यापासून कुणी माझं केलेलं ते पहिलं कौतुक. त्याच आठवड्यात तुम्ही मला तुमच्या खोलीत राहायला बोलावलंत. तुम्ही एकटे, मी एकटा, आणि भिंतीला टेकलेली काळ्या पेटीतली गिटार. साक्रीकडचा एक खानदेशी माणूस असलं वाद्य कुठून शिकला, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत आणि मीही कधी विचारलं नाही. आता विचारावंसं वाटतं.

सुट्टीच्या दिवशी आपण खानवेलची बस पकडतो. पेटी तुमच्या मांडीवर, डबा माझ्या. नदीच्या काठावर सावली बघून बसलो की तुम्ही पेटी उघडतच नाही. अर्धा तास नुसतं बसायचं, बोलायचंसुद्धा नाही. "कान रिकामा व्हऊ दे," तुम्ही म्हणता. आठवडाभर मशीन डोक्यात भरलेली असते, ती उतरल्याशिवाय सूर कसला लागायचा? मला कंटाळा येतो, मुंग्या चावतात, डब्यातल्या ठेच्याचा वास येत राहतो. तुम्ही मात्र डोळे मिटून बसता, आणि मग एकदम पेटीची कडी काढता. तसा अर्धा तास आताशा मला रोज मिळतो, आणि मुंग्याही नाहीत.

डाव्या हातातला पोलादी रॉड तारांवरून सरकवून गाणं काढायला मी वर्षभरात शिकलो. ते कुणालाही येतं. तुमची खरी कमाई दुसरी होती. दोन तारा एकत्र छेडायच्या, रॉड जागचा हलू द्यायचा नाही, आणि रॉडच्या मागे अनामिकेने एकच तार हळूच आपल्याकडे घ्यायची. एक सूर तिथेच उभा, दुसरा चढत जाऊन त्याला भेटतो. तुम्ही ते केलंत की माझ्या अंगावर काटा यायचा. मी करायला गेलो की तार एक तर अलीकडे थांबायची नाहीतर पुढे निघून जायची. तुम्ही समोर बसून ऐकायचात. "अजून... अजून जरासा... आते!" आते म्हटलं की थांबायचं. आपल्याकडच्या बोलीत आते म्हणजे आत्ता. त्या एका शब्दासाठी मी आठवडाभर कंपनीत राबायचो म्हटलं तर खोटं होणार नाही. एकच नियम होता: तुमच्या माघारी तार ओढायची नाही. एकदा ओढताना पकडलं होतंत, तेव्हा आवाजसुद्धा न चढवता म्हणालात, "सुरतहून तार येवाले महिना लागस. तुले बोलावं ते मले बरं वाटत नही." मला मार खाल्ल्यासारखं झालं होतं.

आणि तरी गणपतीच्या कार्यक्रमाच्या दिवशी, तुम्ही पहिल्या पाळीला असताना, मी पेटी उघडली. तुम्ही मला दाखवून दाखवून थकला होतात, आणि मला तुम्हाला चकित करायचं होतं. दुसरी तार चार-पाच वेळा ओढली. सहाव्यांदा खुंटीपाशी तार तुटली. बदली तार घरात नव्हती, जवळच्या वापीत मिळायची नाही, आणि कॉलनीच्या मंडपात संध्याकाळी तुमचं नाव फळ्यावर लिहिलेलं. मग मी तेच केलं जे कंपनीत दिवसातून शंभरदा करायचो. जुन्या तारेचा तुकडा घेतला आणि तुम्ही शिकवलेली गाठ मारली, अगदी बारीक, खुंटीच्या आडोशाला. सुरात लावली, रॉड सरकवून पाहिला, छान वाजली. ओढून मात्र पाहिली नाही. सुताची गाठ पोलादाला धरत नाही, हे मला माहीत नव्हतं असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. माहीत नसतं तर मी ओढून पाहिली असती, आप्पा.

मंडपात तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून बसला आहात. हार्मोनियमवर शाळेतले कोकणातले गुरुजी, समोर कंपनीतली माणसं, कचेरीतले साहेब, बायका-मुलं. मी तुमच्या पायाशी. गाणं सुरळीत चालतं, आणि ती जागा येते. तुम्ही तार घेता. गाठ सरकून तार ढिली पडली असणार. तुमच्या कपाळावर एक आठी पडते. तुम्ही तार आणखी घेता, थबकता, मग बोट पुन्हा नेहमीच्या जागी आणता आणि तसंच गाणं संपवता. टाळ्या पडल्या. गुरुजी म्हणाले, "छान झालं हो! फारच छान." कोकणी माणूस, पाहुण्यासारखा वागला. साहेबांनी नारळ दिला. सगळेच इतके चांगले वागले.

खोलीवर आल्यावर तुम्ही पेटी उघडली नाहीत. खाटेवर बसून मला विचारलंत, "खरं सांग. मना सूर उतरेल व्हता का?"

मी म्हणालो, "नाही आप्पा. बरोब्बर लागला होता."

मला वाटलं होतं, तुम्ही सुटकेचा सुस्कारा सोडाल. तुम्ही उजव्या हाताने कान चाचपलात. बोट रोजच्या जागी गेलं होतं, असं तुम्ही हळूहळू म्हणालात, जणू हिशेब जुळवत होतात. कानाला सूर उतरलेला ऐकू आला. दोघांतलं एक खोटं बोलतंय. बोटाने इतक्या वर्षांत धाग्याच्या बाबतीत कधी फसवलं नाही. गुरुजी छान म्हणतात, तू बरोब्बर म्हणतोस. "मंग मना कान गयात रे भो. मशीननी खाई टाकात."

आप्पा, त्याच क्षणी मला बोलता आलं असतं. गाठ दाखवायला दोन पावलं चालायचं होतं. मी उठून अंथरुणं घातली. सकाळी तुम्ही पेटी उचलून माझ्या मांडीवर ठेवलीत. "तू वाजाड आते. मले काय करनं शे?" मी नको म्हणालो, एकदाच, आणि तेही हळू आवाजात. खरं सांगायचं तर मला ती हवी होती. तुम्ही कामावर गेल्यावर मी ती तार काढून टाकली. सुरतेहून नवी आली ती मी तुमच्यादेखत बसवली, पण तुम्ही हात लावला नाहीत. त्यानंतर आपण खानवेलला गेलो नाही. दोन वर्षांनी तुम्ही कंपनीतून हिशेब घेऊन गावी गेलात, आणि पुढे तुम्ही गेल्याचं तुमच्या पुतण्याचं कार्ड आलं. त्यात लिहिलं होतं, शेवटी शेवटी काका कुणाशी बोलत नसत, म्हणत, मला ऐकू येत नाही. पुतण्याने पुढे हेही लिहिलं होतं की हाक मारली तर ओसरीवरून लगेच ओ द्यायचे.

तुमचे कान शाबूत होते, आप्पा. त्या मंडपात खरं ऐकणारे तुम्ही एकटेच होतात. हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं, साक्रीची बस रोज होती.

हे पत्र पेटीत ठेवीन, गाठ मारलेल्या तारेच्या त्या तुकड्याशेजारी. तो मी टाकला नव्हता. आणि आता इतकं सांगितलंच आहे तर राहिलेलंही सांगतो. खानवेलला तुम्ही आते म्हणायच्या आत मी कधीकधी बरोबर थांबायचो, आणि तुम्ही खूश व्हायचात, की पोराला कान आला. कान आला नव्हता. मी तुमच्या तोंडाकडे बघून थांबायचो. त्या संध्याकाळी सूर उतरला, तेही मला ऐकू आलं नाही. तुमच्या कपाळावरच्या आठीवरून कळलं. आज सकाळपासून दुसरी तार ओढतोय, आणि कुठे थांबायचं ते मला समजत नाही.