दुसऱ्या रकान्यातला सहा

टॅम्पिनीस, सिंगापूर
७ ऑक्टोबर २००६

ती. नीताताईस,

टॅम्पिनीसहून धाकटीचा नमस्कार. वाकूनच करते आहे, कारण चकल्या तळून पाठ धरली आहे आणि सरळ उभं राहता येत नाही.

पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकली असशील. आई गेल्यापासूनच्या दोन वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. दर रविवारी फोन करते खरी, पण तू म्हणतेस 'बरं आहे', मी म्हणते 'बरं आहे', मग दोघी आपापल्या गावची हवा सांगतो आणि ठेवतो. म्हणून म्हटलं लिहावं. लिहिताना मधेच कोणी 'बरं' म्हणत नाही.

हवा सांगायचीच झाली तर भयंकर आहे. पलीकडच्या बेटांवर जंगलं पेटवतात आणि तो धूर समुद्र ओलांडून आमच्या अकराव्या मजल्यावर येतो. समोरचा ब्लॉक दिसत नाही. मी सगळ्या खिडक्या गच्च लावून फटींना चिकटपट्टी मारली आहे. स्वयंपाकघरात गॅसचा गिझर आहे ना, त्याचा धूर बाहेर सोडणारा पाइप खिडकीच्या वरच्या तावदानातून बाहेर काढलेला आहे. त्या तोंडातून बाहेरचं सगळं आत येत असणार असं मला वाटलं. मग स्टुलावर चढले, हात बाहेर काढला आणि त्याला मलमलीचा दुहेरी दादरा बांधला, आई लोणच्याच्या बरणीला बांधायची तसाच, सुतळीने आवळून. तुझा लाडका मेहुणा म्हणाला, "सुनेत्रा, तुझं डोकं म्हणजे ना!" शैलेंद्रकडून कौतुक वर्षातून एकदा मिळतं, ते यंदा मिळालं.

बँकेतली नोकरी सोडल्यापासून मी फराळाच्या ऑर्डरी घेते हे तुला ठाऊक आहे. यंदा बावीस घरं आहेत, पुंगोलपर्यंतची. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी स्वयंपाकघरात, आणि तेलकट भांड्यांसाठी गरम पाण्याचा नळ दिवसभर चालू.

आता त्या गिझरचं नाटक ऐक. त्याच्या पोटावर एक छोटी काचेची पट्टी आहे आणि काही बिघडलं की त्यात लाल आकडा लुकलुकतो. शेजारी भिंतीवर कंपनीचं कार्ड चिकटवलेलं आहे, त्यात दोन रकाने. पहिल्या रकान्यातले आकडे आपले आपण निस्तरायचे. म्हणजे एक आला तर गॅसची चावी उघडी आहे का बघा, दोन आला तर पाण्याचा जोर बघा, मग बटण बंद करून परत चालू करा. दुसऱ्या रकान्यातला आकडा आला तर हात न लावता माणूस बोलवायचा. गेले आठ दिवस माझ्याकडे सहा येतोय. सहा कोणत्या रकान्यात आहे ते विचारू नकोस. बटण बंद केलं, शंभर आकडे मोजले, चालू केलं, की चालतो बिचारा. इरा म्हणते, "मम्मी, यू ऑफ अँड ऑन, कॅन ऑलरेडी ला." पोरीची यंदा ओ लेव्हलची परीक्षा आहे आणि मराठी बोलायला हिला तोंड नाही, पण तिचं म्हणणं खरं आहे. कारागीर एकदा घरात शिरला की सगळं उघडून ठेवतो. दिवाळी दोन आठवड्यांवर आली, मला ते परवडायचं नाही.

तुला एक विचारायचं होतं. आमच्या खालच्या मजल्यावर एक बाई आहेत, पन्नाशीच्या. त्यांना हल्ली जरा विसरायला होतं. परवा त्यांनी चिवड्यात मीठ दोनदा घातलं. काल शंकरपाळ्याच्या पिठात साखरेऐवजी तांदळाची पिठी. फोन हातात घेऊन कोणाला करायचा ते आठवेना म्हणून पाच मिनिटं तशाच उभ्या. डोकं सारखं ठणकतं, मळमळतं. संध्याकाळी तर स्वतःच्या मुलीला त्यांनी बहिणीच्या नावाने हाक मारली. त्या मला विचारत होत्या की तुमच्या आईला सुरुवातीला काय काय व्हायचं. मी म्हटलं, मी तिथे नव्हते, ताईला विचारून सांगते. तर सवडीने लिही. अगदी पहिल्यांदा काय झालं ते लिही.

गंमत म्हणजे बुधवारी मी भाजणी दळायला लिटिल इंडियात गेले होते. सेरंगून रोडच्या मागच्या गल्लीत एक तमिळ बाई गिरणी चालवते. दोन तास त्या धुरकट हवेत उभी होते, सगळे नाकाला रुमाल लावून खोकत होते, आणि माझं डोकं काचेसारखं स्वच्छ. सहा जिन्नसांची मापं तिला तोंडपाठ सांगितली. घरी येऊन दोन घाणे तळले, भांडी घासायला घेतली आणि पुन्हा सगळं गढूळ. म्हणजे आळसच असणार ना? काम दिसलं की डोकं दुखायचं, हे तर तू मला लहानपणी रोज सांगायचीस.

शैलेंद्रचंही सकाळी अंघोळीनंतर डोकं दुखतं. तो म्हणतो ऑफिसचं टेन्शन. इरा म्हणते परीक्षेचं. मला कुठलंच टेन्शन नाही, तर माझं का दुखतं ते काही कळत नाही. अर्थात माझं फारसं दुखत नाही. मी त्या बाईंबद्दल लिहीत होते.

भाओजींना नमस्कार. पत्र पोचलं की रविवारी नुसतं 'बरं' म्हणू नकोस.

तुझी,
सुनेत्रा


टॅम्पिनीस
१७ ऑक्टोबर २००६

ताई,

आज नमस्कार मागाहून. आधी सांगते की मी घरी आहे, शुद्धीत आहे आणि हे पत्र एका बैठकीत लिहिते आहे. काय लिहायचं होतं ते मधे एकदाही विसरले नाही.

शनिवारी सकाळी तुझा फोन आला तेव्हा मी करंज्यांचं सारण हलवत होते. दोन वर्षांत तू आपणहून केलेला पहिला फोन. मला वाटलं कोणी गेलं. तू म्हणालीस, "ती खालच्या मजल्यावरची बाई तूच ना?" मी काहीतरी पुटपुटले. तू म्हणालीस, "गिरणीत डोकं साफ होतं आणि घरी आलं की गढूळ होतं, हे आईचं नाही सुनेत्रा. आईला घरीदारी सगळीकडे सारखंच व्हायचं. सहा कोणत्या रकान्यात आहे?"

मी म्हटलं, "दुसऱ्या."

"गॅस बंद कर. खिडक्या उघड. इराला घे आणि खाली जा. मी फोन ठेवत नाही."

मी तुझ्याशी हुज्जत घातली, आठवतं? सारण करपेल म्हणाले. धूर आत येईल म्हणाले. तू इतक्या जोरात ओरडलीस की इरा खोलीतून बाहेर आली. तिनेच टराटरा चिकटपट्ट्या काढल्या. खाली बाकावर बसल्यावर मला इतकं रडू आलं की तिथले दोन चिनी आजोबा उठून पलीकडे गेले.

गॅसवाल्यांचा माणूस तासाभरात आला. टॅन नावाचे, साठीचे, शांत. त्यांनी खिडकीतून हात बाहेर घातला आणि तो दादरा काढून आणला. मधोमध जळून तपकिरी झालेला आणि काजळीने कडक. तो त्यांनी उलटासुलटा करून पाहिला. मग म्हणाले, "आंटी, व्हाय यू टाय धिस वन?"

मी म्हटलं, "लाइक पिकल."

"हीटर नॉट पिकल, आंटी," ते म्हणाले. "दॅट सिक्स, ही टेलिंग यू मेनी डेज ऑलरेडी. यू व्हेरी लकी आ."

गिझरचा जळका वायू बाहेर जायचा, तो मी आतच कोंडून ठेवला होता. त्याला वास नसतो, रंग नसतो. माणसाचं डोकं दुखतं, मळमळतं, गोंधळतं, आणि गोंधळलेल्या माणसाला आपण गोंधळलोय हे कळत नाही. सहाचा अर्थ धुराची वाट अडली आहे. मी बटण दाबलं की ते यंत्र पुन्हा एकदा मला सांगायला लागायचं आणि मी पुन्हा बटण दाबायचे. हॉस्पिटलात आम्हां तिघांचं रक्त तपासलं, मला दिवसभर प्राणवायूची नळी लावली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमच्या मेंदूला काही झालेलं नाही, अजून आठवडाभर तसंच चाललं असतं तर आम्ही असं म्हटलं नसतं. शैलेंद्र भिंतीकडे तोंड करून उभा होता. पंचवीस वर्षांत मी त्याला असा उभा राहिलेला पाहिला नव्हता.

त्या पलंगावर पडल्या पडल्या मला एकच गोष्ट आठवत होती, आणि ती मला लख्ख आठवत होती. ती विसरायला झाली असती तर बरं, असं मनात येऊन गेलं. म्हणजे बघ किती भित्री आहे मी.

आई न्हाणीघरात घसरली तो श्रावण होता. तू मला फोन केलास. म्हणालीस, लागलं काही नाही, पण त्यानंतर ती अडखळतेय, भाजीत मीठ दोनदा घालते, डोकं दुखतं म्हणते, डोक्याचा फोटो काढून घेऊ या. मी म्हटलं, "ताई, सत्तरीत विसरायला होतंच. त्या यंत्राच्या बोगद्यात तिला कशाला घालतेस, भीतीनेच जाईल ती." दहा दिवसांनी तू पुन्हा विचारलंस. मी म्हटलं, डॉक्टर लोक एकदा हातात सापडलं की सोडत नाहीत. तिसऱ्यांदा तू विचारलंस तेव्हा मी चिडले. मी बँकेत मोठी, शिकलेली, परदेशातली. तू माझं ऐकलंस. आईच्या डोक्यात रक्त साकळत होतं, आणि ते काढता येतं, हे आपल्याला चौथ्या आठवड्यात कळलं. तेव्हा फार उशीर झाला होता.

हे तुला माहीत आहे. पण पुढचं आपण दोघी कधी बोललो नाही. तेराव्याला प्रकाशमामाने सगळ्यांसमोर विचारलं, "वेळेवर दाखवलं का नाही?" तू माझ्याकडे पाहिलंस. आणि मी म्हटलं, "मी तर तिकडे होते, इथलं सगळं ताईच बघत होती."

तू उठून आत गेलीस आणि पानं वाढायला घेतलीस. तेव्हापासून मामा तुझ्याकडे जेवत नाही, आणि घरातले सगळे म्हणतात, नीताने हयगय केली. मी त्यांना म्हणू दिलं. दोन वर्षं दर रविवारी मी तुला 'बरं आहे' म्हणत होते.

आणि शनिवारी तूच फोन केलास, दोन ओळींवरून ओळखलंस आणि ओरडलीस. मी तुझ्या जागी असते तर म्हटलं असतं, वय झालं की विसरायला होतंच.

त्या कार्डावर अगदी खाली बारीक अक्षरांत लिहिलंय की दुसऱ्या रकान्यातला आकडा दिसल्यावर बटण पुन्हा पुन्हा दाबू नका, माणूस बोलवा. तू तीनदा माणूस बोलवायला निघाली होतीस आणि तिन्ही वेळा मी तुला बटण दाबायला लावलं.

नवा गिझर उद्या बसतोय. टॅन पाइपसाठी खिडकीची चौकट मोठी कापणार आहेत. उरलेल्या ऑर्डरी रद्द केल्या, बाविसांपैकी कोणी रागावलं नाही. इरा काल कधी नव्हे ते मराठीत म्हणाली, "मावशीला फोन लाव ना."

फोन लावायच्या आधी हे पाठवते आहे. प्रकाशमामालाही काल लिहून पोस्टात टाकलं. आईला दाखवायचं तू म्हणालीस, नको मी म्हटलं, आणि तेराव्याला मी खोटं बोलले, एवढंच, नावानिशी. त्याची प्रत सोबत आहे. तो तुला विचारेल. पाठच्या बहिणीवर मायेने पांघरूण घालशील, मला माहीत आहे. या वेळी घालू नकोस.

रविवारी मी फोन करीन. उचललास तर उचल.

नमस्कार राहिला होता, तो आता करते, वाकून.

आईला दाखवू नको म्हणाली ती,
सुनेत्रा