दुसरा सज्जा नसल्याचा दाखला मिळणेबाबत

प्रति,
मा. प्रकल्प अधीक्षक,
खाडीकिनारा सुशोभीकरण प्रकल्प कार्यालय,
भांडुप (पूर्व), मुंबई.

विषय : रोहितदर्शन सज्जा हाच खरा सज्जा असून त्याहून चांगला सज्जा अन्यत्र नाही, असा दाखला मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाच्या खिडकीवर मला मिळालेले तोंडी उत्तर (“असा विषय आमच्याकडे नाही”).

महोदय,

मी भांडुप पश्चिमेला राहतो व एका औषध कंपनीच्या गोदामात सुपरवायझर आहे. खिडकीवर विषय नसल्याने तो लेखी सादर करीत आहे.

१. आपल्या पक्षी पाहण्याच्या सज्जाचे उद्घाटन झाले त्या दिवशी त्याचे पोस्टर मी अभिमानाने घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकले. पोस्टरवर लालभडक आकाश, त्याखाली हजारो गुलाबी रोहित पक्षी (फ्लेमिंगो) आणि कठड्याला टेकून हसणारे एक जोडपे आहे. खाली मी ‘आमच्या भांडुपात’ असे लिहिले. ही माझी चूक असल्यास ती मी मान्य करतो.

२. माझे थोरले बंधू दशरथ हे देवगड तालुक्यात आमच्या गावी असतात. ते पूर्वी मुंबईत गिरणीत होते. माझे शिक्षण त्यांच्या पगारावर झाले. गिरणी बंद पडल्यावर ते गावी गेले आणि पुन्हा मुंबईत आले नाहीत. माझ्या लग्नालाही वहिनींना एकट्यांनाच पाठवले. परंतु सदर पोस्टर पाहून त्यांनी स्वतः फोन केला व “बाळा, ते पक्षी बघूक येतंव,” असे कळवले. माझी पत्नी रेवती हिने नवीन चादरी आणल्या.

३. मार्चमध्ये, म्हणजे पक्ष्यांच्या मोसमातच, रविवारी सकाळी आम्ही सज्जावर गेलो. शकुवहिनींनी ठेवणीतली साडी नेसली होती. सज्जासमोर खारफुटी कठड्याच्या वर वाढलेली होती. फटीतून चिखल, एक टायर व एक बगळा एवढे दिसत होते. प्रवेशद्वारावरील फायबरच्या रोहित पक्ष्याचा एक पाय मोडलेला आहे. तो पक्षी एरवीही एका पायावर उभा राहत असल्याने हे आपल्या निदर्शनास आले नसावे.

४. दादा कठड्याशी बराच वेळ उभे राहिले. वहिनींनी बगळ्याकडे बोट दाखवून “ह्योच काय तो?” असे विचारले. मी नाही म्हटले. मग दादा म्हणाले, “बाळा, ह्यो तो जागो न्हय.” मी त्यांना बोर्ड दाखवला. “बोर्ड काय, कोणय लावतलो,” ते म्हणाले. मी पोस्टर व बोर्डावरील नाव एकच असल्याचे वाचून दाखवले. त्यावर त्यांनी सर्वांसमक्ष विचारले, “आमका थंय न्हेवक तुका लाज वाटता काय रे?”

दादा आठ दिवस राहणार होते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गेले.

५. त्यानंतर मी सज्जाचे सर्व बाजूंनी फोटो काढून पाठवले. दादांचे म्हणणे पडले की चुकीच्या जागेचे कितीही फोटो काढले तरी ती जागा चुकीचीच राहते. म्हणून मी सज्जावरील सुरक्षारक्षकांना विनंती करून दादांशी फोनवर बोलायला लावले. गृहस्थ सज्जन आहेत. त्यांनी दादांची समजूत घालण्यासाठी “आजोबा, पक्षी आहेत, पण ते पलीकडे बसतात, इथून नाही दिसत,” असे सांगितले. फोन परत माझ्याकडे आल्यावर दादा एवढेच म्हणाले, “आयकलंस? पल्याड आसत.”

६. गणपतीला आम्ही गावी गेलो. तोवर संपूर्ण वाडीत असे मत झाले होते की मुंबईला खरा सज्जा वेगळाच असून तिथे मोठी माणसे जातात आणि अनंताने (म्हणजे मी) सख्ख्या भावाला मागच्या दाराचा दाखवला. आरतीनंतर एका आजींनी माझी मुलगी श्रुतिका हिला बाजूला घेऊन खरा कुठे आहे ते हळूच विचारले. जेवताना सगळे जमिनीवर बसले असता दादांनी मला खुर्ची दिली व पाण्याची विकतची बाटली समोर ठेवली. मी त्या घरात जन्मलो आहे. बाटलीचे झाकण दादांनी स्वतः उघडून दिले, त्यामुळे तक्रारही करता येईना.

७. परत आल्यावर मी आपल्या कार्यालयात आलो. पक्षी न दिसण्याची तक्रार दुसऱ्या खात्याकडे जाते, असे सांगण्यात आले. माझी पक्ष्यांबाबत तक्रार नाही. पक्षी आणावेत अशीही मागणी नाही. मला फक्त दाखला हवा आहे. त्यात पुढील मजकूर असावा : सदर सज्जा हाच खरा आहे; श्री. अनंत घाडीगावकर यांनी आपल्या बंधूंना जे दाखवले त्याहून अधिक दाखवण्यासारखे काही उपलब्ध नव्हते. आणि त्यांनी काही लपवलेले नाही. अक्षर मोठे व शिक्का गोल असावा. चौकोनी शिक्का दादा मानत नाहीत. शक्य झाल्यास आपण स्वतः त्यांच्याशी दोन मिनिटे फोनवर बोलावे, मात्र समजूत घालू नये.

८. हा परिच्छेद लिहावा की नाही, याबाबत घरी मतभेद होते. गेल्या रविवारी मी व रेवती श्रुतिकाला न सांगता खाडीच्या कडेने, सज्जाच्या पुढे, वाट संपेपर्यंत चालत गेलो. दादांचे म्हणणे चूक आहे याची एकदा खात्री करून घ्यावी, एवढाच हेतू होता. वाट एका पत्र्याच्या कुंपणाशी संपते. आम्ही तिथे थोडा वेळ थांबलो. रेवती म्हणाली, “पत्र्यामागे काहीतरी असणारच ना? उगाच कोण कुंपण घालतं?” मी तिला गप्प केले. पण घरी येताना मीही दोनदा मागे वळून पाहिले, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.

तरी वरील दाखला द्यावा. आणि दाखला देता येत नसेल, म्हणजे खरोखरच दुसरा सज्जा कुठे असेल, तर त्याचा पत्ता कृपया मला एकट्याला कळवावा. मी कोणालाही सांगणार नाही. दादांना घेऊन गुपचूप एकदा जाऊन येईन.

उत्तराच्या प्रतीक्षेत, आपला नम्र,

(सही)
अनंत सखाराम घाडीगावकर
भांडुप (पश्चिम)
दि. १४ नोव्हेंबर २०२५

सोबत :
पोस्टरची छायाप्रत.
सज्जाचे फोटो, सर्व बाजूंनी.
दादा व वहिनी यांचा सज्जावरील फोटो. (मूळ प्रत आहे. काम झाल्यावर परत मिळावी. मुंबईतला दोघांचा एकत्र एवढाच आहे.)