दार लावून बदलायची गोष्ट

चि. भाच्यास,

मंगळवार, ९ जुलै, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी तू माझी अब्रू भिंतीवर टांगलीस. तुझी प्रकृती बरी असेलच. दुसऱ्यांची बिघडवणाऱ्यांची सहसा ठणठणीत असते. तुझ्या आईच्या गुडघ्याचं कळव. आशीर्वाद तूर्त राखून ठेवले आहेत.

झालं असं. आमच्या ग्रंथालयाच्या डेटाबेसचा (म्हणजे सगळी पुस्तकं आणि सगळे सभासद ज्यात नोंदलेत तो साठा, हे तूच मला शिकवलंस, म्हणून तुलाच ऐकवते) पासवर्ड तू रविवारी येऊन बदललास, "मावशी, काळजीच सोड" म्हणालास आणि गेलास. सोमवारी ग्रंथालय बंद. मंगळवारी मी काउंटरवर बसले, तर संगणकाला आज्ञा द्यायची तुझी ती काळी खिडकी पडद्यावर उघडीच. वरचं दिसावं म्हणून मी वरच्या बाणाची कळ दाबली. तू शेवटी टाइप केलेली आज्ञा जशीच्या तशी हजर झाली, नव्या पासवर्डासकट: खडूसमावशी. आमचा पडदा सभासदांना दिसावा म्हणून भिंतीवर मोठा लावलाय, हे तुला ठाऊक आहे. तूच लावलास.

वाचनकक्षात शांतता असतेच. त्या दिवशी जरा जास्त होती. मग रोज पेपर वाचायला येणारे निवृत्त वकील उठून आले आणि म्हणाले, "बाई, हे 'खडूस मावशी' नवीन आलंय का? माझं नाव लावून ठेवा." त्यांच्यामागून आणखी दोघींनी लावलं. (मी लावून घेतलं. नाही तर सांगणार काय, लेखक कोण ते?)

कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर सांगायच्या, कपडे बदलायचे तर आधी दार लावा. पासवर्डाचं वेगळं काय? मी मदतीचं पान उघडून वाचलं. पासवर्ड आज्ञेतच लिहू नये, कारण दिलेली आज्ञा मागे जपून राहते. नुसतं 'बदलायचाय' म्हणावं, मग यंत्र विचारतं, दोनदा विचारतं, आणि टाइप करताना एक अक्षर दिसू देत नाही. इतकी सभ्यता यंत्राला आहे. मी तसाच बदलला आणि तुझी ती ओळही पुसून टाकली.

मला लेखी माफी हवी आहे. फोनवरचं 'सॉरी गं' चालणार नाही.

सही करत नाही. कोणती मावशी, ते सगळ्यांनी वाचलंय.

ता.क. मी पासवर्ड बदलला तेव्हापासून पुस्तकं देण्याघेण्याचा प्रोग्राम रुसून बसलाय. त्याच्या पोटात अजून जुनाच पासवर्ड आहे म्हणे. बदलल्यावर त्यालाही नवा सांगावा लागतो, हे त्याच पानावर खाली होतं. तिथवर मी नंतर पोचले. सभासद हात हलवत परत जातायत. तेव्हा ये, आणि लवकर ये.

आणखी ता.क. नवा पासवर्ड पत्रात लिहिणार नाही. तू शाळेत जाईपर्यंत मी तुला ज्या नावाने हाक मारायचे, तोच आहे. तुझी होणारी बायको दर शनिवारी पुस्तकं बदलायला इथेच येते. शनिवारी दुपारी बारापर्यंत लेखी उत्तर आलं नाही, तर मी तो पुन्हा टाइप करीन, पण तुझ्या पद्धतीने. वकीलसाहेब नवीन पुस्तकाची वाटच बघतायत.